बोअरच्या पाण्यावरचे कूलर

"आधी विचारा, पाणी किती पितो."

बाई नवऱ्याच्या कानाशी बोलत होती, पण दुपारची वेळ होती, लाइट गेलेली होती आणि दुकानात एकही पंखा फिरत नव्हता, त्यामुळे ते मला काउंटरपर्यंत ऐकू आलं. नवरा कूलरच्या पत्र्यावर बोटाने वाजवून बघत होता, कलिंगड घेताना वाजवतात तसं.

"अगं, बैल घेतोय का आपण?" तो म्हणाला.

"बैल परवडला. त्याला सांगता तरी येतं, आज नाही म्हणून."

मी मान खाली घातली आणि वहीत काहीतरी लिहायला घेतलं. हसू आलं की लिहायला लागायचं, ही माझी जुनी सवय.

दुकान बाबांचं. बायपासच्या अलीकडे, पुढे दुकान आणि मागे पत्र्याची मोठी शेड. शेडमध्ये दोन कारागीर पत्रा कापायचे, वाकवायचे, रिबिट मारायचे, आणि पलीकडच्या कोपऱ्यात पाच बायका बसून कूलरच्या जाळ्यांत गवत भरायच्या. ते खरं तर गवत नसतं. लाकूड तासून काढलेले लांब कुरळे धागे असतात, पण सगळे त्याला गवतच म्हणतात. आमचे आजोबा कचेरीत कारकून होते, त्यांचे वडील पौरोहित्य करायचे, आणि बाबांनी मात्र पत्र्याचा धंदा काढला. लग्नाकार्यात कुणी विचारलं की आमचे नातेवाईक "त्यांचं इलेक्ट्रिकलमध्ये आहे" असं सांगायचे.

त्या वर्षी सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. होळीच्या आधीच ऊन असं तापलं की दुचाकीच्या सीटवर बसवेना. अशा वर्षी कूलरवाल्याची चैन असेल, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण उन्हाबरोबर पाणीही गेलं होतं, आणि कूलर पाण्यावर चालतो. नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं. नव्या कॉलन्यांमध्ये तर नळच नव्हता, तिथे बोअर आणि टँकर. आधीच्या वर्षांत गिऱ्हाईक दुकानात शिरलं की पहिला प्रश्न असायचा, हवा कुठवर फेकतो. त्या वर्षी तो प्रश्न तिसऱ्या नंबरवर गेला. पहिला पाण्याचा, दुसरा आवाजाचा.

हे मला माहीत आहे, कारण मी लिहून ठेवत होते.

मी बी.कॉम. होऊन घरी होते. "काही मिळेपर्यंत दुकानात बस" असं ठरलं होतं. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेल्यामुळे माझं मराठी घरापुरतं होतं. अनोळखी माणसाशी बोलायचं तर वाक्य आधी मनात जुळवावं लागायचं, आणि ते जुळेपर्यंत माणूस दुकानाबाहेर पडलेला असायचा. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत तर मी आजही एक क्षण थांबते. बाबांनी ते ओळखलं असावं. त्यांनी मला बोलायचं काम दिलंच नाही, तक्रारींची वही दिली. नाव, पत्ता, काय बिघडलं, असे तीन रकाने होते. मी पट्टीने रेघ मारून चौथा केला. गिऱ्हाईक काय म्हणालं. तो कशाला, हे कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

दुपारी जेवायला मी मागे शेडमध्ये जायचे. गवत भरणाऱ्या बायकांत सगळ्यात थोरली होती तिला आम्ही मावशी म्हणायचो. त्या सगळ्या मागच्या, बुद्धविहाराजवळच्या वस्तीतल्या. हात चालू आणि तोंडही चालू. गवताचे तुकडे त्यांच्या केसांत, पदरावर, भाकरीवरही. मी डबा उघडला की मावशी विचारायची, "आज काय म्हणतंय विंग्लिश मीडियम?" मी "काही नाही" म्हणायचे. "ह्या पोरीला एक दिस बोलतं करायचं हाय आपल्याला," ती बाकीच्यांना सांगायची, "पण एकदा सुरू झाली तर थांबायची नाय, बगा तुम्ही." मग त्या माझ्याकडे बघून हसायच्या आणि मी खाली बघून पोळी मोडायचे. पण त्यांच्यात बसायला मला आवडायचं. तिथे गप्प बसलेल्या माणसालाही जागा होती.

एप्रिलमध्ये एक गृहस्थ दुकानात आले. इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री, आणि चेहरा असा की बाबा उठून उभे राहिले.

"तुमच्या कूलरला वास येतो," ते म्हणाले.

"नवीन गवताला दोन दिवस येतो, साहेब."

"गवताचा नाही हो. आंबिलीचा येतो. काल आमचे व्याही आले होते. बसल्या बसल्या म्हणाले, आज आंबील केलीय का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीत लिहिलं: आंबील.

गवतावर आळ आला म्हटल्यावर मावशी कारागिराबरोबर स्वतः त्यांच्या घरी गेली. तासाभराने परत आली ती तोंडाला पदर लावूनच. शेडमध्ये येऊन ती खाली बसली, आणि तिचं हसू काही थांबेना.

"अवो, त्यांच्या घरातल्या बाईनं तांदूळ धुतलेलं पाणी वतलंय त्याच्यात! तांदळाचं, डाळीचं, समदं. चार दिसाचं. पोटभर जेवलाय तुमचा कूलर!"

ती बाई काही वेडी नव्हती. पाणी आठवड्यातून एकदा येत असेल तर तांदळाचं धुवण मोरीत कसं ओतवेल? तिने ते झाडांना घातलं असतं, पण झाडं आधीच वाळली होती. त्याच आठवड्यात एकाने धुण्याचं पाणी भरलं, आणि पंखा सुरू केल्यावर बैठकीच्या खोलीत फेस उडाला. त्यांची लहान मुलगी खूश होती, बाकी कुणी नाही. माझ्या चौथ्या रकान्यात त्या आठवड्यात मजाच मजा होती.

उपाय आईने काढला, तोही कूलरसाठी नाही. आमच्या स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करायचं मशीन होतं. त्यातून पिण्याचं पाणी जेवढं निघायचं, त्याहून जास्त बारीक नळीने सिंकमध्ये वाहून जायचं. आईने नळीखाली बादली ठेवली. फरशी पुसून झाली तरी बादली उरायची, मग ती घरच्या कूलरमध्ये ओतायला लागली. ते पाणी जड, क्षाराचं. पंधरा दिवसांत गवतावर पांढरी पूड धरली, पण हवा येत राहिली. हंगाम संपला की गवत काढून टाकायचं आणि नवीन भरायचं, हा तर आमचा दर वर्षीचा रिवाजच.

मला वाटलं, हे गिऱ्हाइकांना सांगायला हवं. सांगणं जमणार नव्हतं, म्हणून मी चिठ्ठ्या केल्या आणि प्रत्येक कूलरवर चिकटवल्या. सवयीने इंग्रजीत लिहिल्या. काकांनी पाहिल्या. बाबांचे धाकटे भाऊ, दुकानात अर्धे भागीदार, शहरात कुठे काय नवीन आलंय ते सगळ्यात आधी त्यांना कळतं.

"ह्या काय औषधाच्या बाटल्या आहेत का?" ते म्हणाले. "दिवसातून दोनदा, जेवणानंतर?"

मावशीने चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली. "आमच्यासाठी लिव की. बस हितं. म्या सांगते, तू लिव." आणि तिने गवत भरता भरता सांगितलं, बाकीच्यांनी भर घातली, आणि मी मांडीवर वही घेऊन लिहिलं.

"तांदळाचं पाणी नको, आंबतंय."

"डाळीचं बी नको."

"साबणाचं तर अजाबात नको. घरात फेस नाचंल."

"मशिनीतून फेकून देता ते वता. बोअरचं वता, टँकरचं वता."

"आन् गवत दर साली बदला. जुन्या गवताला जीव लावून बसू नका."

शेवटची ओळ मी जशीच्या तशी ठेवली. लोक दुकानात उभं राहून चिठ्ठी मोठ्याने वाचायचे, एकमेकांना वाचून दाखवायचे. काकांनी आठ दिवसांनी मला विचारलं, "अजून आहेत का त्या? संपल्या वाटतं समोरच्या रांगेतल्या."

एप्रिलच्या शेवटी मात्र गारा पडल्या. भर उन्हाळ्यात, अर्धा तास, रस्त्यावर मिठाचे खडे सांडल्यासारख्या. धरणापर्यंत त्यातलं काही पोचलं नाही, पण हवा एकदम गार झाली आणि दहा दिवस कूलरकडे कुणी फिरकलं नाही. रस्त्याच्या पलीकडे एका नव्या शोरूमने प्लास्टिकच्या कूलरची खोकी फुटपाथपर्यंत रचली होती. त्यावर ताडपत्री घालून मालक बाहेर खुर्ची टाकून आभाळाकडे बघत बसायचा. आमच्याकडे शेडमध्ये पत्रा आडवा पडून होता, अजून त्याचं काहीच झालेलं नव्हतं. बाबांनी कारागिरांना सांगितलं, टाक्या करा. पाणी साठवायला लोकांना टाक्या हव्याच होत्या. दहा दिवसांत त्याच पत्र्याच्या टाक्या होऊन गेल्याही. पुन्हा ऊन तापलं तेव्हा उरलेल्या पत्र्याचे कूलर झाले. हेही मी लिहून ठेवलं. आता हवामानाचा काही नेम राहिलेला नाही, असं सगळेच म्हणत होते. मला एवढंच दिसलं की पत्रा थांबू शकतो, खोकं थांबू शकत नाही.

काकांना ते खोकंच आवडलं होतं. "दादा, शहर कुठल्या कुठे चाललंय," ते बाबांना म्हणायचे. "जिथे आपण बोरं खायला जायचो तिथे सात मजली बिल्डिंग उभी आहे. त्या फ्लॅटमध्ये हे लोखंडी धूड कोण ठेवणार? तिकडे पांढराशुभ्र पीस लागतो. रिमोट लागतो." कंपनीची एजन्सी घ्यायची, साठवलेले पैसे ठेव म्हणून भरायचे, शेडचं गोदाम करायचं, असा त्यांचा बेत. ते चुकीचं बोलत नव्हते. पत्रा गंजतो, जड असतो, आणि दिसायला तो गरीबच.

पण पाऊस यायच्या सुमारास तेच पांढरेशुभ्र पीस आमच्याकडे दुरुस्तीला यायला लागले. त्यांत गवत नसतं, मधमाश्यांच्या पोळ्यासारखं जाड पुठ्ठ्याचं पॅड असतं, तीन-चार वर्षं टिकावं म्हणून केलेलं. वाळूजच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा एक जण असं पॅड काखेत घेऊन आला. देवगाव रंगारीचा, वाळूजला खोली करून राहणारा.

"ताई, हे बघा," तो म्हणाला आणि त्याने पॅडवर टिचकी मारली. टाइल्ससारखा आवाज आला. सगळी भोकं पांढऱ्या क्षाराने बुजली होती. "एकाच उन्हाळ्यात भिंत झाली. आमच्याकडे बोअरचंच पाणी. माझी झोप दिवसाची हाय, ताई. दुपारी झोप नाय झाली तर रात्री मशीनवर डुलकी लागते, अन् तिथं डुलकी लागून चालत नाय."

तो आमच्याकडचा जुना, ठिगळ लावलेला पत्र्याचा कूलर घेऊन गेला. चार दिवसांनी फक्त सांगायला परत आला की झोप लागते. तो दुरुस्तीला आला नव्हता, तरी मी ते लिहिलं.

दिवाळी झाली. पत्रा मागवायचा तो मार्गशीर्षात, म्हणजे संक्रांतीनंतर काम सुरू होतं. मार्गशीर्ष लागला तरी बाबा पत्र्याबद्दल बोलेनात. एके दिवशी मावशी शेडमध्ये नुसतीच येऊन बसली. तिचा हंगाम अजून दूर होता.

"ह्या साली गवत यायचं नाय म्हनं?" तिने मला विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. मला माहीत होतं. पुढच्या सोमवारी कंपनीचा माणूस कूलर दाखवायला येणार होता, आणि काकांनी करारासाठी नवीन पेनसुद्धा आणलं होतं. मावशी माझ्याकडे बघत राहिली. नेहमीसारखं तिने मला चिडवलं नाही. ते मला फार लागलं.

सोमवारी तो आला. तरुण, टाय लावलेला, बोलायला गोड. थंडीचे दिवस, म्हणून त्याने शेडमध्ये दोन हॅलोजन दिवे लावून जागा तापवली आणि मधोमध कूलर मांडला. कारागीर हातातलं काम सोडून आले. मावशी आणि बाकीच्या चौघी बोलावणं नसताना दारात येऊन उभ्या राहिल्या. त्याने गाडीतून पाण्याचे दोन सीलबंद जार आणवले, ओतले, रिमोट दाबला.

हवा खरंच सुंदर होती. आवाज नाही, हेलकावा नाही. बाबांना सांगायची म्हणून मनात जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं त्या हवेत विस्कटली.

"मावशी, या ना, समोर उभ्या राहा," तो म्हणाला.

मावशी समोर गेली आणि डोळे मिटून उभी राहिली. "लई गार. फ्रीजमधी डोकं घातल्यावानी."

काका खूश. "बघा! अनुभवी माणसाचं मत!"

"पर साहेब," मावशी डोळे न उघडता म्हणाली, "हे पाणी कुठलं?"

"फिल्टरचं आहे, मावशी. एकदम शुद्ध."

"आन् रोज कुठलं घालायचं?"

"रोज पण शक्यतो गोडंच वापरायचं. पुस्तिकेत लिहिलंय तसं."

मावशीने डोळे उघडले. "गोडं पाणी असतं तर आम्हीच पिलं नसतं व्हय? कूलरला पाजायलाय मोठं!"

शेड दणाणली. कारागीर हसले, बायका एकमेकींच्या खांद्यावर पडून हसल्या. टायवाला आधी गोंधळला, मग तोही हसला, आणि म्हणाला, "आमच्या आईचंही हेच म्हणणं आहे." सगळ्यांत मोठ्याने काका हसले. हसता हसता त्यांचा हात डोक्यावर गेला आणि तिथेच राहिला.

"पॅड बदलून मिळतं," टायवाला म्हणाला, "पण हो, खाऱ्या पाण्यावर लवकर जातं. मी खोटं नाही सांगणार."

बाबा कूलरभोवती एक चक्कर मारून माझ्यापाशी आले.

"वहीत काय आहे?"

मी वही पुढे केली. चौथा रकाना उघडूनच ठेवला होता. त्यांनी पानाकडे पाहिलंही नाही.

"चष्मा नाही माझ्याकडे. तूच सांग."

चष्मा त्यांच्या कपाळावर होता. मला दिसत होता, काकांना दिसत होता, दारातल्या पाचही जणींना दिसत होता. कुणीही त्यांना सांगितलं नाही. मावशीने हाताची घडी घातली, वाट बघायला तिला दिवसभर वेळ असल्यासारखी.

वाक्यं उन्हाळ्यापासून माझ्यापाशी होती. ती जुळवायची राहिली नव्हती, फक्त तोंडातून काढायची राहिली होती. माझा आवाज मला वाटला होता त्याहून मोठा निघाला.

"बाबा, ज्यांच्याकडे गोडं पाणी आहे ते एसी घेतात. आपल्याकडे येतात ते बोअरवाले आणि टँकरवाले, आणि शहर वाढतंय तसे तेच वाढतायत. एखाद्या वर्षी ऊन पडलं नाही तर पत्र्याच्या टाक्या करता येतात, ह्या खोक्यांचं काहीच करता येत नाही. काकांना हे पीस हवे तर त्यांनी चार-पाच ठेवावेत, दुरुस्तीला ते आपल्याकडेच येणार आहेत. तुम्ही पत्रा मागवा. आणि गवत मागच्या वर्षीपेक्षा जास्त सांगा."